जुने गोवे : दोन इगर्जींमधला रस्ता

बेळगावाहून गोव्यात उतरणाऱ्या प्रवाशाला जुने गोवे वाटेतच लागते. खानापूर, रामनगर करीत अनमोडचा घाट उतरला, मोले आणि फोंडा मागे टाकले, बाणस्तारीच्या पुलावरून कुंभारजुव्याची खाडी ओलांडली, की थोड्याच वेळात माडांच्या आणि आंब्यांच्या शेंड्यांवर घुमट आणि मनोरे दिसू लागतात. आपल्याकडील कितीतरी कुटुंबांनी हे ठिकाण असेच, पणजीला जाता जाता, अर्ध्या तासात उरकलेले असते. गाडी उभी करावयाची, डाव्या हाताच्या तांबड्या इगर्जीत जाऊन झेवियरची चांदीची पेटी मान उंच करून पाहावयाची, उजव्या हाताच्या पांढऱ्या इगर्जीपुढे छायाचित्र काढावयाचे, आणि जेवणाची वेळ टळू नये म्हणून पुन्हा गाडीत बसावयाचे. आम्हीही अनेक वर्षे याहून निराळे काही केले नव्हते.

या खेपेस मात्र जुन्या गोव्यास दोनदा, आणि अगदी भिन्न काळात जाण्याचा योग आला. पहिल्यांदा गेलो ते डिसेंबर २०२४ मध्ये. दहा वर्षांनी येणारा सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाचा सोहळा तेव्हा चालू होता. दुसऱ्यांदा गेलो ते पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, जेव्हा त्याच मैदानात छत्री धरून हिंडणारी आमच्याखेरीज दहा-पाच माणसेच होती. गर्दीतले जुने गोवे आणि पावसातले जुने गोवे अशी दोन्ही रूपे पाहिल्यावर मनात जो प्रश्न राहिला तो इतिहासाचा कमी आणि व्यवहाराचा अधिक होता. चारशे वर्षांच्या वास्तूंभोवती आजची माणसे आणि आजची वाहने मावावयाची कशी, आणि त्यासाठी काय बांधावे, काय बांधू नये, हे कोणी ठरवावयाचे?

आधी या दोन इगर्जींची ओळख करून घेऊ. डावीकडची बॉम जेझूस, म्हणजे बालयेशूची. तिचा पाया १५९४ साली घातला गेला आणि १६०५ साली ती पूजेसाठी खुली झाली. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी उभारलेली ही इमारत फार मोठी नाही. परंतु तिचा तीन मजली दर्शनी भाग, त्यावरील काळ्या दगडाचे कोरीव काम आणि जांभ्याच्या चिऱ्यांचा उघडा तांबूस रंग यांमुळे ती डोळ्यांत भरते. झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांचियन बेटावर निवर्तला. त्याचा देह १५५४ साली गोव्यात आणला गेला, आणि आज तो याच इगर्जीत, गोमंतकीय कारागिरांनी सतराव्या शतकात घडविलेल्या चांदीच्या पेटीत आहे. पेटीखालचा संगमरवरी चौथरा तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठविलेला. चांदी गोव्याच्या सोनारांची आणि संगमरवर इटलीचा, असा हा संगम मुद्दाम थांबून पाहण्याजोगा आहे.

उजवीकडची से कॅथीड्रल. ती सेंट कॅथरीनची. कारण आल्बुकर्कने १५१० साली गोवे जिंकले तो दिवस तिच्या सणाचा होता. हिचे बांधकाम १५६२ साली सुरू झाले आणि १६१९ साली मुख्य इमारत पुरी झाली. सुमारे अडीचशे फूट लांबीची ही इगर्जी आशियातील मोठ्या चर्चवास्तूंमध्ये गणली जाते. मूळचे दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात एक प्रचंड घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. समोरून पाहिले की एका खांद्याची ही इमारत अपुरी वाटत नाही, हेच आश्चर्य.

या दोहोंच्या मधून रस्ता जातो. पणजी-फोंड्याची सारी वाहतूक एके काळी या इमारतींच्या दारांपुढूनच जात असे. पुढे कदंब पठारावरून वळणरस्ता झाला आणि तो भार पुष्कळसा हटला. तथापि इगर्जींना येणारी वाहने आहेतच, आणि ती दरवर्षी वाढत आहेत.

मराठी वाचकाला ही जागा परकी वाटण्याचे कारण नाही. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली येथील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. त्या कॉलेजची आज केवळ एक कमान उभी आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, येथील भाषा शिकला, आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. याच शतकांत गोव्यातील अनेक देवळे मोडली गेली आणि मंगेशी, म्हाळसा यांसारखी दैवते फोंड्याच्या बाजूस स्थलांतरित झाली, हेही तितकेच खरे. त्या देवळांवरूनच तर आपण येथे उतरतो. या भूमीचे देणे आणि तिचे दुःख, दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

जुने गोवे हे एके काळी मोठे शहर होते. रोगराईने ते पोखरले. व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीकडे हलविला. १८४३ साली पणजीस राजधानीचा रीतसर मान मिळाला. त्याआधीच, १८३०-४० च्या दशकात, धार्मिक पंथांचे मठ बंद झाले आणि त्यांच्या वास्तूंना वाली उरला नाही. पुष्कळ इमारतींचे दगड पणजीच्या बांधकामासाठी वाहून नेले गेले. सेंट ऑगस्टीनच्या इगर्जीचे छत १८४२ साली खाली आले. आज तिचा सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा तेवढा आकाशात उभा आहे. म्हणजे आपण ज्या हिरवळीवर बसून डबा सोडतो, तिच्याखाली एक शहर आहे. जुन्या गोव्याची जमीन मोकळी दिसते. ती रिकामी नाही.

हे शब्द आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. ऑगस्टीनच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात काही अस्थी सापडल्या. १६२४ साली इराणात शिराझ येथे ठार केल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टीनियन पाद्र्यांनी गोव्यात आणला होता, असे जुन्या कागदांत नमूद होते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात या अस्थींची परीक्षा झाली, आणि २०२१ साली भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांचा एक भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला. एका देशाची राणी जिथे चारशे वर्षे मातीखाली होती, ती जागा कोणी सपाट करून रोलर फिरवला असता तर काय झाले असते?

आता गर्दीकडे येऊ. दरवर्षी ३ डिसेंबरला झेवियरचे फेस्त भरते आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. त्या काळात गोव्यातूनच नव्हे तर आपल्या बेळगाव-खानापूर भागातून, कारवारकडून आणि सिंधुदुर्गातून माणसे पायी चालत येतात. रस्त्याच्या कडेला खाजे आणि चण्यांची दुकाने लागतात. मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, डोळे, लहानशी घरेसुद्धा विकायला मांडलेली असतात. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहावयाचा. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या बाईला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. दर दहा वर्षांनी शवदर्शनाचा सोहळा येतो तेव्हा तर दीड महिना रीघ लागते. २०२४चा सोहळा २१ नोव्हेंबरला सुरू झाला आणि ५ जानेवारी २०२५ रोजी संपला.

त्या रांगेत उभे असताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती इतकी उघड आहे की कोणी तिच्याकडे लक्षच देत नाही. बॉम जेझूसची इगर्जी या गर्दीला पुरत नाही. जगात दुसरीकडे असे झाले असते तर इमारत मागे-पुढे वाढविली गेली असती. येथे काय केले जाते? पेटी मिरवणुकीने रस्त्यापलीकडे नेली जाते आणि मोठ्या से कॅथीड्रलमध्ये ठेवली जाते. भाविक तेथे दर्शन घेतात. फेस्ताच्या प्रार्थनेसाठी इगर्जीच्या बाहेर मांडव घालतात, आणि काम झाले की मांडव उतरवितात. लहान इमारत लहानच राहते. गरज दहा वर्षांतून दीड महिन्याची आहे, तर सोयही दीड महिन्याची, हा केवढा सुज्ञ हिशेब! आपल्या घरांतही लग्नकार्याला मांडव घालतात; लग्नाला पाचशे माणसे येणार म्हणून कोणी घराच्या भिंती पाडीत नाही.

इमारतीत फेरफार करताना कोणास विचारले नाही तर काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी बॉम जेझूसपासून दूर जावे लागत नाही. पावसाळ्यातल्या आमच्या दुसऱ्या खेपेस ते आम्ही भिंतीला हात लावून पाहिले. या इगर्जीचा जो तांबडा रंग आज तिची ओळख म्हणून छापला जातो, तो तिचा मूळचा रंगच नव्हे. से कॅथीड्रलप्रमाणे हिलाही चुन्याचा गिलावा होता आणि ती पांढरी होती. १९५० नंतरच्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यात आला. दगड उघडे दिसले की वास्तू अधिक प्राचीन भासते, अशी त्या वेळची समजूत यामागे होती, असे सांगितले जाते.

जांभा हा दगड कोकण-गोव्यातील घरबांधणीचा आधार. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो. पण त्याच्या अंगाला असंख्य छिद्रे असतात, आणि गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जुन्या मंडळींनी जांभ्याच्या भिंतीवर चुना चढविला आणि छपराची वळचण पुढे काढली ती शोभेसाठी नव्हे. गिलावा हा जांभ्याचा पावसाळी कांबळा. तो काढून घेतल्यावर चारशे वर्षांची भिंत गेली सत्तर वर्षे उघड्या अंगाने पाऊस झेलीत आहे. आम्ही गेलो तेव्हा वाऱ्याच्या बाजूच्या चिऱ्यांवर शेवाळ धरले होते आणि बोटाने घासले तर लाल भुकटी हाताला लागत होती. इगर्जीच्या धर्मगुरूंनीच २०२० सालच्या सुमारास जाहीरपणे गिलावा पुन्हा चढविण्याची मागणी केली. त्यावर मतभेद आहेत. कारण दोन पिढ्यांना तांबडी इगर्जीच 'खरी' वाटू लागली आहे. एका अधिकाऱ्याच्या आवडीने घेतलेला निर्णय किती काळ पुरतो, पाहा!

याच दृष्टीने वाहनतळाच्या प्रश्नाकडे पाहावयास हवे. वाहनतळ म्हटला की ती बांधकामाची बाब वाटत नाही. त्याला भिंत नाही, छप्पर नाही. गाड्या निघून गेल्या की जागा जशीच्या तशी, असे आपण समजतो. परंतु गाड्यांसाठी जमीन समतल करावी लागते, खोदून खडी भरावी लागते, डांबर किंवा काँक्रीट घालावे लागते, गटारे काढावी लागतात, दिव्यांचे खांब रोवावे लागतात. खोदाईखाली जुने शहर आहे. आणि जे पाणी पूर्वी मातीत जिरत होते ते पक्क्या पृष्ठभागावरून उताराने वाहत जाते. त्याला वाट मिळाली नाही तर ते भिंतीच्या पायाशी साचते. वरून पाऊस पिणारा जांभा मग खालूनही पाणी पिऊ लागतो. शिवाय वाहनतळाचा स्वभावच असा की तो एकटा येत नाही. त्याच्या कडेला उपाहारगृह येते, स्वच्छतागृह येते, दुकानांची रांग येते, आणि मग एवढी सोय झाली म्हणून आणखी वाहने येतात.

यावर कायदा नाही असे नाही. येथील इगर्जी आणि मठ १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. प्राचीन स्मारकांसंबंधीचा कायदा १९५८चा. त्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास पूर्ण मनाई करण्यात आली. सार्वजनिक हिताचे काम म्हणूनही तेथे सवलत नाही. त्यापुढील २०० मीटरमध्ये बांधकाम करावयाचे तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी घ्यावी लागते. मनाईच्या पट्ट्यात १६ जून १९९२ पूर्वी उभ्या असलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज करता येतो. याखेरीज राज्याचा १९७४चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे, ग्रामपंचायतीचा बांधकाम परवाना आहे. म्हणजे एका भिंतीसाठी तीन दारे ठोठवावी लागतात. कागदावर याहून कडक बंदोबस्त मागावा असे काही नाही.

परंतु हा कायदा जगणारी माणसे कोण? आपण प्रवासी तर संध्याकाळी निघून जातो. या वास्तूंच्या सावलीत एक गाव नांदते आहे, हे आमच्याही लक्षात पावसाच्या सरीने एका चहाच्या दुकानात अडकवून ठेवले तेव्हाच आले. शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. आमचे मराठी ऐकून "तुम्ही बेळगावचे ना?" म्हणून त्यांनीच बोलणे काढले. त्यांच्या घराचे छप्पर गळत होते आणि दुरुस्तीच्या परवानगीची त्यांना वाट पाहावी लागत होती. आम्ही सहानुभूती दाखविली तर ते हसून म्हणाले, "सायबाच्या घरावरचे कौल फुटले तर सरकार बदलते, आमचे फुटले तर आम्ही अर्ज करतो. त्याचे दुःख नाही हो काका. ज्याला अर्ज करावा लागत नाही तो दिसला की दुःख होते." 'सायब' म्हणजे झेवियर, त्याला गोंयचो सायब म्हणावयाची येथील रीत आहे.

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. २०२१ साली व्हाइसरॉयच्या कमानीनजीक, सेंट कॅजेटनच्या परिसरात उभ्या राहिलेल्या एका बंगल्यावरून या गावात मोठे आंदोलन झाले. जुन्या घराच्या दुरुस्तीच्या नावाखाली संरक्षित पट्ट्यात नवेच घर उठविले गेले, असा गावकऱ्यांचा आणि वारसाप्रेमी मंडळींचा आक्षेप होता. लोक रस्त्यावर आले, उपोषणाला बसले. त्यात ख्रिस्ती होते, हिंदूही होते. तेथे धर्माचा वाद नव्हता. एकाच पट्ट्यात राहणाऱ्या दोन माणसांना एकच नियम लागू आहे की नाही, एवढाच सवाल होता. नियम सर्वांना सारखा असेल तर माणूस गळके छप्परही सोसतो. तो सारखा नाही असे एकदा दिसले, की मग स्मारकावरचीच त्याची माया आटते. आणि ज्या स्मारकावर त्याच्या शेजाऱ्याची माया नाही, ते पहारेकऱ्यांच्या बळावर किती दिवस टिकणार?

दुसरी बाजूही विसरता कामा नये. भाविकांची अडचण खोटी नसते. याच प्रकारचा एक झगडा अमेरिकेत टेक्सास राज्यातील बर्नी नावाच्या लहान गावी झाला, आणि तो त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथील सेंट पीटरचे चर्च १९२३ सालचे. त्यात जेमतेम २३० माणसे बसत आणि रविवारी काहींना बाहेर राहावे लागे. आर्चबिशपांनी इमारत वाढविण्याची परवानगी १९९३ साली मागितली. गावाने जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा नियम दाखवून ती नाकारली. खटला चार वर्षे चालला आणि २५ जून १९९७ रोजी निकाल गावाच्या बाजूने लागला. ज्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा चर्चने आधार घेतला होता, तो राज्ये व गावांवर बंधनकारक करण्याचा अधिकार संसदेला नाही असे न्यायालयाने ठरविले. परंतु बाहेर राहणाऱ्या माणसांचे काय, हे कोणत्याच निकालाने सुटण्याजोगे नव्हते. अखेर दोन्ही पक्ष समोरासमोर बसले. जुन्या इमारतीचा बहुतेक भाग राखावयाचा आणि नवीन सभागृह मागच्या बाजूस बांधावयाचे, अशी तडजोड झाली. चार वर्षे वकिलांनी केले नाही ते शेजाऱ्यांनी केले.

जुन्या गोव्यात इमारतीचा प्रश्न पूर्वजांनी, से आणि बॉम जेझूस समोरासमोर उभ्या करून, जणू आधीच सोडवून ठेवला आहे. उरला तो गाड्यांचा. आणि येथे आम्हाला आपल्याच जत्रा आठवल्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला आपल्या भागातून बैलगाड्यांनी जाण्याची रीत होती. गाड्या कोठे सोडत? देवळाच्या दारात नव्हे. लांब माळावर, जिथे बैलांना पाणी आहे आणि चूल मांडावयास जागा आहे तिथे. तेथून डोंगरावर चालत जावयाचे. पंढरीच्या वाटेवर तर चालणे हीच यात्रा. गाडीतळ हा शब्द आपल्या गावोगावी अजून शिल्लक आहे; तो वस्तीच्या वेशीवर असे, चावडीसमोर नसे. देवाच्या उंबऱ्यापर्यंत चाके आलीच पाहिजेत हा हट्ट गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला, आणि तो सर्व धर्मांच्या भाविकांनी सारखाच धरला आहे. बाणस्तारीच्या अलीकडची आपली देवळेही त्याला अपवाद नाहीत.

शवदर्शनाच्या काळात सरकारी यंत्रणेनेच वाहने दूर अडविली होती आणि तेथून पुढे माणसे बसने किंवा पायी जात होती. आम्हीही चाललो. आमच्या पुढे एक आजीबाई नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. मधूनमधून कडेच्या कट्ट्यावर टेकत आणि पुन्हा उठत. त्यांना दारापर्यंत नेण्याची सोय असलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. वृद्ध, आजारी, अपंग यांच्यासाठी थोडी वाहने आत सोडावीत. बाकी आपण धडधाकट माणसांनी पाऊण कोस चालल्याने काय बिघडते? जे दीड महिना, लाखो माणसांची ये-जा असताना, निभावून नेता येते, ते एरवीच्या सुट्टीच्या दिवशी का जमू नये? वाहनतळ वळणरस्त्याच्या बाजूस, संरक्षित पट्ट्याच्या पुष्कळ बाहेर असावा. तोही काँक्रीटचा नव्हे, पाणी जिरेल असा झाडांखालचा असावा. आणि त्याचा आराखडा खात्याच्या कपाटात पुरा होण्यापूर्वी गावाच्या सभेत भिंतीवर लावला जावा. ज्याच्या विहिरीकडे ते पाणी वळणार आहे आणि ज्याच्या अंगणातून ती वाट जाणार आहे, त्याने तो पाहिलेला असावा. १९५० नंतर गिलावा काढताना हेच झाले असते, तर एखाद्या गवंड्याने नक्की सांगितले असते की बाबांनो, जांभ्याला उघडा टाकू नका.

आमचे जे वाचक सुट्टीत गोव्याकडे वळतील त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. जुन्या गोव्यासाठी अर्धा तास नव्हे, अर्धा दिवस ठेवा. गाडी शक्य तितकी लांब उभी करा. बॉम जेझूस पाहून झाली की बाहेरची भिंत जवळून पाहा आणि मग रस्ता ओलांडून से कॅथीड्रलचा पांढरा चुना पाहा. दोहोंतला फरक मुलांना समजावून सांगा. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय चुकवू नका. सेंट कॅजेटनच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दाराचे काळे खांब उभे आहेत. पोर्तुगिजांच्या आधीही येथे एक नगर होते याची ती खूण आहे. तेथून उताराने नदीकडे चालू लागले की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली गेली, आणि १९५४ साली ती पुन्हा बांधली गेली. दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीची वाहने आजही तिच्याखालूनच जातात. कमान आपली रुंदी बदलीत नाही. समोरून गाडी आली तर अलीकडची थांबते, ती गेली की ही जाते. आम्ही पाहिले त्या अर्ध्या तासात कोणाचे भांडण झाले नाही, की कोणाची फेरी चुकली नाही.